खडावांचा स्वामी, जोड्यांचा राजा

मठाच्या फरसबंदीवर खडावांचा संथ टकटकाट उमटला, की स्वामी येताहेत हे कळे. आणि कातडी जोडा करकरला, की राजा. माणूस एकच होता: उंच, किंचित वाकलेला, कार्तिकातल्या सकाळच्या उन्हासारखा सौम्य. आटपाडीकडच्या माळावरची तीन गावं मठाला इनाम होती आणि तिथला शेतसारा नि न्याय दोन्ही स्वामींच्या हाती होते. एरवी जपमाळ ओढणारी ती लांबसडक बोटं दर गुरुवारी कचेरीच्या गादीवर शिक्का उचलत, तेव्हा मला उगीचच त्यांची दया येई.

कचेरीचा दंडक एकच होता: तिथं स्वामींच्या पाया पडायचं नाही. “पाया पडलास की तू शिष्य, आणि शिष्याचा निवाडा मी करत नाही,” असं ते म्हणत. मग ते प्रकरण दूर संस्थानच्या कोर्टात जाई.

माझे वडील लढाईवर गेले ते परतलेच नाहीत. वर्ष सरतं न सरतं तोच धाकट्या चुलत्यानं विहिरीजवळच्या आमच्या वाटणीच्या रानात नांगर घातला. त्या रानाखेरीज आम्हां मायलेकींना दुसरं काहीच नव्हतं. कचेरीला जाताना मी वाटभर आईला बजावत होते, आणि “व्हय गं बाई, ध्यानात हाय माज्या,” असं तीही दहादा म्हणाली. पण स्वामींनी वडिलांचं नाव घेऊन हलकेच विचारपूस केली मात्र, आणि त्या नावासरशी ती कोसळली, तिनं त्यांच्या जोड्यांवर कपाळ टेकलं. चुलता मिशीत हसला. वकील, हेलपाटे, परमुलखातलं कोर्ट! रान गेलंच, असं मला वाटलं, आणि खरं सांगते, आईचा मला भयंकर राग आला.

स्वामींनी जोडा काढून पायरीशी ठेवला, खडावा मागवल्या, आणि गादीवरून उतरून ते टकटक करत चुलत्यापुढं येऊन उभे राहिले.

“तुम्ही नाही का पडणार पाया?”

भर गावासमोर नाही कसं म्हणणार? चुलता वाकला.

“आता दोघंही माझी लेकरं. निवाडा मला करता येत नाही, पण शिष्याकडं दक्षिणा मागता येते. भावजयीचं रान सोडा. एवढीच द्या.”

“आवं सामी, पर...” चुलत्यानं सभोवार पाहिलं. कुणीच त्याच्याकडं बघत नव्हतं. “दिली म्हाराज,” तो पुटपुटला.

आई रडत सुटली. स्वामींचा चेहरा मात्र उतरला होता. “बाई, रान तुझंच होतं,” ते म्हणाले. “पण राजानं द्यायचं ते गुरूनं मागून घेतलं. हे बरं नव्हे.” पुढच्या गुरुवारी गादीवर कारभारी बसला, आणि नंतर स्वामींनी तो जोडा पुन्हा कधी पायांत घातला नाही.

आता मी सांगलीत मुलींना इतिहास शिकवते. मध्ययुगात जर्मन मुलखात बिशप राज्यही करत, हे सांगताना एक चित्र दाखवते: थडग्यावर कोरलेला बिशप, एका हातात धर्मदंड, दुसऱ्या हातात तलवार. “बाई, देवाचा माणूस तलवार कशाला धरंल?” मुली हसतात. मी हसत नाही. त्या दगडी म्हाताऱ्याला एक तरी हात मोकळा करावासा कधी वाटला असेल का, या विचारानं माझा जीव गलबलतो, आणि तास तसाच राहून जातो.

संस्थानं विलीन झाली. काळानं गादी नेली, शिक्का नेला, अखेर स्वामींनाही नेलं. पण आमच्यापायी कायमचा मुका झालेला तो जोडा अजून माझ्या आठवणींच्या पायरीशी तसाच आहे, आणि त्याची न येणारी करकर मला रोज ऐकू येते.