टाकीवरची रेघ

सहाच्या ठोक्याला ती खाली गाडीपाशी हजर होती. एका हातात किल्ली, दुसऱ्या हातात जुनं फडकं, आणि अंगात वारं शिरल्यासारखी चाल. डोंगरापलीकडच्या तळ्यावर आज अकरा वाजता नावांच्या शर्यतीची अंतिम फेरी होती. चार जणींच्या नावेत तिची धाकटी बहीण वल्हं मारणार होती, आणि ती स्वतः गाडी चालवत तिथे जाणार होती. अडीच वर्षांच्या लेकीला मागे बसवून. सोबत दुसरं कोणी नाही.

नवरा महिनाभर कामासाठी परगावी होता. सासऱ्यांचा गुडघा पट्टीत करकचून बांधलेला. मग गाडी चालवणार कोण, असं जेवताना कोणीतरी विचारलं, आणि "मी!" हे उत्तर तिच्या तोंडून इतक्या मोठ्याने आलं की लेकीच्या हातातला चमचा पडला.

यापूर्वी दोनदा तिने येते म्हणून सांगितलं होतं आणि दोनदा गेली नव्हती. पहिल्यांदा ढग होते. दुसऱ्यांदा लेक शिंकली होती. एकदाच. धाकटीने काल फोनवर हसत हसतच ऐकवलं, "ताई, तू येशील तेव्हा खरं. मी तुझ्यासाठी जागा धरत नाही, आधीच सांगते." तीही हसली होती. पण ते वाक्य रात्रभर तिच्या उशाशी बसून होतं.

घरात तिला 'चौकशी खिडकी' म्हणत. हे गरम आहे का, ते बंद केलं का, दार ओढून बघितलं का. नाव नवऱ्याने ठेवलं, आणि सासूबाईंनी ते आनंदाने चालवलं.

सासरे खुर्ची टाकून गाडीकडे पाठ करून बसले होते. बत्तीस वर्षं ते बस डेपोत तपासनीस होते. त्यांचं 'हूं' ऐकल्याशिवाय एकही बस फाटकाबाहेर पडत नसे, म्हणून ड्रायव्हर लोक पाठीमागे त्यांना 'लाल दिवा' म्हणायचे. त्यांची पद्धत न्यारी होती. ड्रायव्हरने बसभोवती फिरायचं, प्रत्येक गोष्टीला हात लावायचा आणि मोठ्याने बोलायचं; ते पाठमोरे उभे राहून फक्त ऐकणार. नुसतं बघणारा माणूस बघता बघता भाजी काय आणायची याचा विचार करतो, बोलणाऱ्याला ती सोय नसते, असं त्यांचं म्हणणं. गेले चार रविवार ते तिला हेच शिकवत होते.

"हं. टायर?"

"चारही बघितले. हवा आत्ता मोजली, टायर थंड असताना. मागचा डावा थोडा कमी होता, पंप मारून भरला."

"स्टेपनी?"

"तिचीही मोजली."

"शाब्बास. तिला सगळे विसरतात, लग्नातल्या लांबच्या मावशीसारखं. दिवे?"

दिव्यांसाठी सासूबाईंना खाली बोलावलं होतं. नातीला कडेवर घेऊन त्या गाडीमागे उभ्या राहिल्या. तिने ब्रेक दाबला.

"लागला! विझला! लागला! आता डावीकडचा लुकलुकतोय. आता उजवीकडचा. अहो, एवढं तर तुम्ही आपल्या पोराच्या परीक्षेलाही बघितलं नव्हतं!"

"त्याच्या परीक्षेत बससारखी मागे चाळीस माणसं बसलेली नव्हती," सासरे मान न वळवता म्हणाले. "वायपर? ऑइल?"

तिने वायपरच्या रबरावरून बोट फिरवलं, काचेवर पाणी उडवून बघितलं. बॉनेट उघडून ऑइलची पट्टी उपसली, फडक्याने पुसली, पुन्हा बुडवून काढली. "दोन खुणांच्या मधे, वरच्या अंगाला. रंग मधासारखा."

"ब्रेक ऑइल?"

"आहे."

"पाणी?"

याचं उत्तर ठरलेलं होतं. डेपोत 'पाणी?' म्हटलं की ड्रायव्हरने 'रेघेवर!' अशी आरोळी ठोकायची. इंजिन थंड ठेवणारं कूलंट हिरवं असो की लाल, घरात त्याला पाणीच म्हणत, आणि त्याच्या टाकीवर एक रेघ होती. चारही रविवारी तिने 'रेघेवर!' म्हटलं होतं. त्याआधी कित्येक महिने सासरे स्वतःच विचारायचे आणि स्वतःच उत्तर द्यायचे.

"रे..." ती म्हणाली, आणि थांबली.

अर्ध्या तासापूर्वी तिने लेकीची दुधाची बाटली भरली होती. बाटली भरली की डोळ्यांसमोर धरायची, रेघ नीट बघायची, मग हलवायची. अडीच वर्षं दिवसातून पाच-सहा वेळा हे करून हाताला सवयच लागली होती. आताही कमरेत वाकून तिने डोळे टाकीच्या उंचीला आणले. रेघ होती, टाकीच्या मधोमध, तपकिरी, स्पष्ट. टाकी काही हातात घेऊन हलवता येत नव्हती, म्हणून तिने गाडीच्या कडेला हात टेकून गाडीच हलवली.

शेजारच्या वायपरच्या टाकीतलं पाणी डुचमळलं. ही रेघ तशीच राहिली. पेन्सिलने भिंतीवर मारल्यासारखी.

तिने पुन्हा हलवली. जोरात.

"पाणी?" सासऱ्यांनी आवाज चढवला.

तिच्या तोंडचं पाणी पळालं. टाकीतल्या पाण्यापेक्षा दुसऱ्याच भीतीने. आता आपण काही बोललो तर सगळे काय म्हणणार ते तिला आत्ताच ऐकू येत होतं. आली का शिंक? आले का ढग? चौकशी खिडकीला निमित्त सापडलं! धाकटी तर नुसतं "बरं" म्हणेल, आणि ते सगळ्यात वाईट. नुसतं 'रेघेवर' म्हणायचं, किल्ली फिरवायची, निघायचं. बत्तीस वर्षं बस तपासलेल्या माणसाला जी रेघ दिसली ती तिने का नाकारावी? सासूबाई नातीला खिडकीत बसलेलं मांजर दाखवत होत्या. लेक हसली.

"बाबा," ती म्हणाली, "रेघ आहे. पण हलत नाही."

"म्हणजे?"

"गाडी हलवली तरी रेघ हलत नाही. ते पाणी नाहीये. डाग आहे."

सासऱ्यांनी मान वळवली. मग खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठले, लंगडत आले. वाकले. स्वतः गाडी हलवली. इंजिन रात्रभर थंडच होतं, तेव्हा त्यांनी टाकीचं झाकण काढलं, एक बारीक काडी आत सोडली आणि वर काढली. काडीचं फक्त टोक ओलं झालं होतं.

त्यांचे कान लाल झाले. बसच्या टाक्यांची झाकणं काढून आत बघण्यात आयुष्य गेलेलं. या गाडीची टाकी पारदर्शक म्हणून ते निर्धास्त. पाणी उतरत गेलं, त्याचा डाग मागे राहिला, आणि लाल दिवा त्या डागाला रोज हिरवा दाखवत राहिला.

"बत्तीस वर्षं लोकांच्या बस अडवल्या," ते हळूच म्हणाले, "आणि स्वतःच्या दारातली गाडी..."

"म्हणजे आजचं जाणं बोंबललं?" सासूबाई म्हणाल्या.



"बोंबललं?" सासरे ताठ झाले. त्यांच्या आवाजात अचानक डेपो भरला. "अगं, डोंगराच्या चौथ्या वळणावर कळलं असतं तर बोंबललं असतं! वाफा, बंद पडलेलं इंजिन, मागे पोर रडतेय. दारात कळलंय. एवढ्यासाठीच तर बघायचं असतं! पोरी, वेळ काय झाली?"

"साडेसहा."

"अडीच तासांची वाट. सव्वासातला सोडतो तुला. टॉर्च आण. पाणी गेलं कुठे ते आधी शोध, नुसतं भरून भागत नाही."

तिच्या अंगातलं वारं परत आलं, दुप्पट. मोबाइलचा टॉर्च लावून ती इंजिनात डोकावली. खाली फरशी कोरडी होती. इंजिन तापल्यावरच थेंब गळत असणार आणि तिथल्या तिथे वाळत असणार. म्हणजे वाळल्याची खूण कुठेतरी हवी. वाळल्याच्या खुणा शोधण्यात तिच्याइतका तरबेज माणूस त्या इमारतीत दुसरा नव्हता. वरच्या जाड पाइपाच्या तोंडाशी तिला ती दिसलीच: हिरवट पांढरी, खरबरीत खपली.

"बाबा, इथे! हिच्या नाकाखाली सर्दी वाळते ना, अगदी तशी!"

"शी!" सासूबाई म्हणाल्या.

"अचूक!" सासरे म्हणाले. त्यांनी पाइप दाबून बघितला, वाकवून बघितला. "चीर नाही. क्लिप सैल पडलीय. बघ, बोटाने फिरतेय. आवळ. मी नाही, तू. आणखी अर्धा फेरा. बास, पाइप कापू नकोस."

मग कपाटातला कूलंटचा डबा आला. झाकण उघडं ठेवून तिने टाकी भरली, इंजिन चालू केलं, हीटर लावला. आतली हवा बुडबुडे काढत वर आली आणि पातळी भसकन खाली गेली. पुन्हा भरली. या वेळी रेघ थरथरत होती, जिवंत, हिरवी. झाकण घट्ट लावलं. पाइपाच्या तोंडाभोवती तिने लेकीचा कोरडा कागदी रुमाल गुंडाळला.

"हे कशाला?"

"एक थेंब जरी आला तरी दिसेल."

सासऱ्यांनी तिच्याकडे बघितलं. "हे आमच्या डेपोत कोणाला सुचलं नाही," एवढंच म्हणाले.

चौघं बॉनेटभोवती उभी राहिली, पाळण्यातलं बाळ बघावं तशी. तापमानाचा काटा वर चढला, मधे येऊन थांबला. पंखा घरघरत सुरू झाला. बंद झाला. पुन्हा सुरू झाला. तिने इंजिन बंद केलं आणि पंख्यापासून हात दूर ठेवून जपून रुमाल काढला. उजेडात धरला, उलटा करून बघितला, गालाला लावून बघितला.

"कोरडा!" ती ओरडली. वरच्या मजल्यावरची एक खिडकी उघडली आणि बंद झाली.

सात वाजून वीस मिनिटं झाली होती. सासऱ्यांनी लेकीच्या खुर्चीचा पट्टा दोनदा ओढून बघितला, मग खिडकीशी वाकले. "चढ सुरू व्हायच्या आधी थांब. बॉनेट उघड, नुसतं बघ. तापलेल्या टाकीच्या झाकणाला हात लावायचा नाही, आभाळ कोसळलं तरी. आणि पुढच्या रविवारी त्या खुर्चीवर तू बसायचंस. मी हात लावून बोलेन, तू ऐक."

"आणि चुकलात तर?"

"तर अडव," ते म्हणाले. "हूं. जा आता."

पहिल्या चौकात तिचे हात स्टीअरिंगला चिकटले होते. तिसऱ्या चौकात ते सुटले. शहर मागे पडलं, रस्ता रुंद झाला, आणि तिच्या लक्षात आलं की आपण गातोय. लेक मागून चुकीचे शब्द घालून साथ देत होती. पायथ्याशी ती थांबली, बॉनेट उघडलं, गाडीला कडेने ढकललं. रेघ डुचमळली. तिला इतकं हसू आलं की शेजारी उभा राहिलेला ट्रकवाला विचारता झाला, "काय झालं ताई, बिघडलं का काही?"

"काहीच नाही!" ती म्हणाली. "काहीच बिघडलं नाही!"

मग चढ. एकामागून एक वळणं, खाली घरं काडेपेट्यांएवढी, समोर अवजड ट्रक धापा टाकत चाललेले. प्रत्येक वळणावर लेक "अजून एक!" म्हणून टाळ्या पिटत होती. काटा मधोमध. सातवं वळण, नववं, काटा मधोमध. माथ्यावर आल्यावर खाली एकदम तळं उघडलं, लांबलचक, चकाकणारं, आणि त्याच्या अलीकडच्या टोकाला बारीक काड्यांसारख्या सहा नावा.

वाटेत लेकीला दोनदा उतरवावं लागलं होतं. अकराला वीस मिनिटं कमी. उतारावर तिने घाई केली नाही. दुसऱ्याच गिअरमध्ये, स्वतःला आवरत उतरली. गाडी लावली, लेकीला खांद्यावर घेतलं आणि गवतावरून धावत सुटली. काठावरची माणसं बाजूला झाली. तेवढ्यात भोंगा वाजला.

वल्हवणारे उलटे बसतात, हे तिला कोणी कधी सांगितलं नव्हतं. नावा सुटल्या, काठापासून दूर दूर जाऊ लागल्या, आणि धाकटीचं तोंड मात्र नेमकं तिच्याकडे होतं. तिने लेकीला दोन्ही हातांनी डोक्यावर उचललं आणि बेंबीच्या देठापासून हाक मारली. धाकटीने एकही वल्हं चुकवलं नाही. पण तिचे दात दिसले, सगळेच्या सगळे, आणि नाव लहान होत गेली तरी दिसतच राहिले.