ठोशाआधी दाबलेले बटण

मी एक जुना डिजिटल कॅमेरा आहे. खिशात मावतो, म्हणून दुकानदाराने विकताना मला 'घरगुती' म्हटले होते. मित्रांनो, माझ्या वाट्याला वाढदिवस आणि सहली मात्र फारशा आल्याच नाहीत. मी पाहिले ते फुटलेले ओठ, सुजलेल्या भुवया आणि बादलीत थुंकलेले रक्त. तुम्हाला हे सांगावे की नाही, याचा मी बराच विचार केला. पण खोटी गोड गोष्ट ऐकण्यापेक्षा खरी ऐकलेली बरी.

माझा जन्म एका कारखान्यातल्या पांढऱ्याशुभ्र खोलीत झाला. टोप्या घातलेल्या बायकांनी चिमट्याने माझी भिंगे बसवली. डोक्यावर शटरचे बटण, त्याभोवती झूमची कडी, पाठीवर स्क्रीन आणि कोपऱ्यात एक गोल चकती. चकतीवर डोंगर, फूल, धावणारा माणूस अशी इवलीशी चित्रे. धावत्या माणसावर चकती आणली की वेगवान हालचाल हमखास टिपता येते, असे माझ्या माहितीपुस्तिकेत लिहिले होते. लिहिणाऱ्याने कधी कुणाला ठोसा खाताना पाहिले नसावे.

मला विकत घेतले ते एका बॉक्सिंग क्लबच्या मालकाने. क्लब म्हणजे गोदामाचा वरचा मजला. मध्ये दोरांची रिंग, छताला टांगलेल्या जाड पिशव्या, आणि घामाचा असा वास की माझ्या भिंगालाही जाणवावा. मालकाला दोन मुले. थोरला लढायचा, त्याला सगळा क्लब दादा म्हणे. मुलीला धाकटी. मालकाला मीही तिच्यासारखे बाबाच म्हणू लागलो. बाबांनी मला धाकटीच्या हातात दिले आणि दादाच्या लढतींचे फोटो काढायला सांगितले. भिंतीवर लावले म्हणजे चार पोरे जास्त येतील, हा त्यांचा हिशेब.

पहिल्याच दिवशी मी घात केला. सरावाच्या वेळी माझा फ्लॅश चमकला, दादाने डोळे मिटले आणि समोरच्याचा ठोसा थेट भुवईवर बसला. रक्त डोळ्यात उतरले. तरी दादा हसला आणि म्हणाला, की निदान फोटो तरी बरा आला का ते बघ. फोटोत फक्त समोरच्याची पाठ होती. बाबांनी माझ्या फ्लॅशवर काळी पट्टी चिकटवली, ती कायमची.

माझी दुसरी खोड पट्टीने झाकता येणारी नव्हती. बटण दाबल्यापासून फोटो निघेपर्यंत मला क्षणभर लागतो. आमच्या जातीचे सगळेच कॅमेरे असे. फुलापानांना त्याने फरक पडत नाही. ठोशाला पडतो. धाकटी ठोसा दिसल्यावर बटण दाबायची आणि फोटोत यायचे ते ठोशानंतरचे वाकडे तोंड, नाहीतर नुसते दोर.

पोरगी चिकाटीची. तिने झूम वापरणे सोडले, कारण झूम केले की माझ्या डोळ्यात उजेड कमी शिरतो. दादाइतक्याच अंतरावरच्या खांबावर मला रोखून ती बटण अर्धेच दाबायची. स्क्रीनवर हिरवा चौकोन आला की बोट तसेच अर्ध्यावर धरून ठेवायची. म्हणजे माझे निम्मे काम आधीच उरकलेले असे. मग ती स्क्रीनकडे बघतच नसे, कारण स्क्रीनही वस्तुस्थितीच्या जरा मागे चालते. ती माझ्यावरून दादाच्या प्रतिस्पर्ध्याच्या खांद्याकडे बघायची. ठोसा निघण्याआधी खांदा किंचित खाली जातो. खांदा गेला की बोट खाली.

मग काय विचारता! फोटोत प्रतिस्पर्ध्याचा ग्लोव्ह रिकाम्या हवेत आणि दादाचे डोके बाजूला काढलेले, केसांतून घाम उडतोय. भिंत भरून गेली. पुढे मोबाइल आले, कानामागून आले आणि तिखट झाले, पण आमच्या रिंगजवळ मान माझाच होता. क्लबातला कुणी मला पुसल्याशिवाय कपाटात ठेवत नसे.

मग एका मोसमात माझे फोटो बिघडले. तेच अंतर, तेच बोट, तोच खांदा. पण आता ग्लोव्ह हवेत नसे, दादाच्या गालात रुतलेला असे. एकात त्याचा जबडा असा सरकलेला होता की धाकटीने तो फोटो लगेच पुसून टाकला. बाबांनी दोष मला दिला. कॅमेरा थकलाय, उशिरा काढतोय, असे म्हणून दुसऱ्याच दिवशी मला दुरुस्तीच्या दुकानात पाठवले. मला तर रडूच आले असते. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही.

दुरुस्तीवाला मिशीतल्या मिशीत हसणारा माणूस होता. त्याने रबरी चेंडू उंच धरला आणि धाकटीला सांगितले, की माझी बोटे सुटली की बटण दाब. चेंडू पुन्हा पुन्हा पडला. प्रत्येक फोटोत तो टेबलाच्या कडेपाशी, एकाच जागी होता.

"म्हातारा झालाय, पण वेळेचा पक्का आहे," तो म्हणाला. "आधी लागायचा तेवढाच वेळ लागतोय. याला काही झालेलं नाही."

धाकटी पायऱ्या उतरताना मध्येच थांबली. तिने मला चालू केले, स्क्रीनवर जुने फोटो पाहिले, नवे पाहिले, पुन्हा जुने. मी तेवढाच वेळ घेत होतो. मग उशीर कोण करत होते?

तिने क्लबात इतर पोरांचे फोटो काढून पाहिले. त्यांची डोकी वेळेवर हलत होती. तिने दादाला विचारले, डोके दुखते का. तो म्हणाला, "मला काय धाड भरलीय?" आणि त्याच संध्याकाळी त्याने तिला एकच प्रश्न तीनदा विचारला. मग ती बाबांकडे गेली. तेव्हा ते दादाला एकामागून एक दोन ताज्या दमाच्या पोरांशी लढवत होते, कारण मोठ्या किताबाची लढत तोंडावर आली होती.

"बाबा, कॅमेरा ठीक आहे. दादाला ठोसा उशिरा दिसतोय. त्याला डॉक्टरकडे न्या."

"नाचता येईना अंगण वाकडं," बाबा म्हणाले. "फोटो चुकला तर कॅमेरा वाईट, कॅमेरा चांगला निघाला तर दादा वाईट. एवढी एक लढत होऊ दे."

रिंगमध्ये दादाच्या नाकातून रक्ताची धार लागली होती. त्याने ती मनगटाने पुसली आणि हात पुन्हा वर घेतले.

लढतीच्या दुपारी सभागृह खच्चून भरले होते. प्रतिस्पर्धी डावखुरा होता, मानेने जाड, घाई न करणारा. धाकटी रिंगच्या कडेला, बाबा कोपऱ्यात. पहिल्या फेरीत डावखुऱ्याने दादाच्या बरगड्या झोडपल्या. दुसऱ्या फेरीत त्याने वर मारायला सुरुवात केली. कानशिलावर एक बसला तेव्हा ओला चिखल आपटावा तसा आवाज आला. लोक उठून उभे राहिले. दादाचा दातांचा संरक्षक उडून खाली पडला, गुडघे वाकले, पण तो पडला नाही. पडला असता तर बरे झाले असते. तो नुसता उभा राहिला, हात खाली सोडून, समोर कोण आहे हे आठवून पाहत असल्यासारखा.

धाकटी बाबांवर ओरडली. कोपऱ्यात बाबांच्या हातात टॉवेल होता, तो रिंगमध्ये फेकला की लढत तिथेच थांबते. तो त्यांनी पिळून पिळून दोरी केला होता, पण हातातून सोडला नाही.

माझे बटण अर्धे दाबलेले होते. हिरवा चौकोन दादाच्या चेहऱ्यावर होता. डावखुऱ्याचा खांदा खाली जाऊ लागला. इतकी वर्षे ज्या क्षणाला ते बोट खाली यायचे, त्या क्षणाला ते वर उचलले गेले. तिने मनगटातला माझा पट्टा ओढून काढला आणि मला भिरकावले.

मी दोघांच्या मध्ये आपटलो. डावखुरा दचकला, त्याचा ठोसा दादाच्या कानाजवळून गेला आणि त्याचा बूट माझ्या बाहेर आलेल्या भिंगावर पडला. मला माझेच फुटणे ऐकू आले. रेफरीने लढत थांबवली, मला पायाने बाजूला सारले आणि दादाला म्हणाला, "चालत माझ्याकडे ये." दादाने समजल्यासारखी मान हलवली. तो वळला, डावखुऱ्याच्या कोपऱ्यात गेला आणि त्याच्या स्टुलावर बसला. मागे दोनचार लोक हसले. मग कुणीच हसले नाही.

डॉक्टर म्हणाले, डोक्यात रक्त साकळले आहे, आजचेही आणि जुनेही. अजून एक ठोसा बसला असता तर आपण इथे बोलत नसतो. दादा वाचला. पण पुढचे कित्येक महिने तो धाकटीशी बोलला नाही. तू माझी लढत खाल्लीस, एवढेच म्हणाला.

त्या दुपारी इस्पितळाच्या बाकावर बाबा मला हातात घेऊन बसले होते. माझे बटण ते उगाच पुन्हा पुन्हा दाबत होते. धाकटी शेजारी बसली, तेव्हा वर न बघता ते म्हणाले, "मलाही दिसत होतं गं. केव्हापासूनच."

धाकटीने माझ्यावरचे त्यांचे बोट बाजूला केले.

मित्रांनो, आता मी त्यांच्या घरी एका खणात असतो. मला दुरुस्त करा असे मी म्हणणार नाही. मी बिघडलो असा नुसता संशय आला, तर दुसऱ्याच दिवशी मला दुकानात नेले, माझी तपासणी झाली. दादा खरोखर बिघडत होता आणि त्याला रोज रिंगमध्ये पाठवत होते. तुमच्या घरातले कुणी हळू झाले, तेच तेच विचारू लागले, शर्टाचे बटण लावताना अडखळू लागले, तर रागावू नका आणि 'एवढे एक होऊ दे' म्हणू नका. आधी त्याला डॉक्टरकडे घेऊन जा. आमचे काय, आम्ही खणात कितीही दिवस थांबू.