आरसा वेगळ्या स्टँडवर

"मॅडम, दोन वर्षं झाली, तुमच्या रेषा अजून धड उमटत का नाहीत?"

मैत्रिणींनी शाळेच्या सहलीच्या बसमध्येच भिंगरीला डिवचलं होतं, की एवढी शहाणी असशील तर प्रयोगशाळेच्या प्रमुखबाईंना हेच विचार. आणि भिंगरी कसली मागे हटते! तिचे बाबा इथेच मेकॅनिक. रेषांचं हे रडगाणं तिला जेवता जेवता पाठ झालं होतं.

प्रमुखबाईंचा चेहरा चहात मीठ पडल्यासारखा झाला. आत्ताच तर त्यांनी रुबाबात समजावलं होतं. हवा काढून घेतलेल्या पोलादी डब्यात भट्टी तापते, क्रोमियमचे अणू सुटतात. लेसरचा निळा झोत आरशावर आपटून आल्या वाटेने परततो आणि प्रकाशाचे पट्टे जागच्या जागी उभे राहतात. ते पट्टे अणूंना हाकतात, आणि खालच्या चकतीवर केसाहून कितीतरी बारीक रेषा उमटतात. म्हणजे, उमटायला हव्यात.

"कितवीत आहेस?"

"नववीत."

"मग नववीतलं विचार."

सगळा वर्ग फिदीफिदी हसला, डिवचणाऱ्या मैत्रिणी तर सगळ्यांच्या आधी. दुसरी कुणी असती तर तिथेच गप्प बसली असती. पण वर्ग मागे सरकताना आरशावरून भिंतीवर पडलेला लेसरचा निळा ठिपका थरथरलेला भिंगरीने पाहिला होता. चकती डब्याला स्क्रूने घट्ट बसवलेली. आरसा मात्र डब्याच्या काचेबाहेर, वेगळ्याच स्टँडवर.

"आम्ही चाललो तरी आरसा हलतो, चकती नाही," ती म्हणाली. "मग पट्टे सरकणार आणि रेषांचे फराटे होणार."

प्रमुखबाई वळल्या त्या कोपऱ्यात पाना घेऊन उभ्या असलेल्या बाबांकडे.

"घरून पढवून आणलंय वाटतं?"

बाबांची मान खाली. सुट्टीत प्रयोगशाळेत शिकायला शाळेतल्या एकाच मुलीला घेणार होते आणि यादीत नाव भिंगरीचं होतं. सोमवारपर्यंत लेखी माफी, नाहीतर नाव खोडू, असं सांगून बाईंनी दार दाखवलं.

घरी आईचं एकच पालुपद: चार ओळी खरडून टाक, वर्षभर त्या जागेवर डोळा ठेवून बसलीयस. बाबा बुटांच्या नाड्या सोडत बसले होते, त्या काही सुटता सुटत नव्हत्या.

"बाबा, आरशाचं तुम्हाला ठाऊक होतं?"

मागच्याच वर्षी सांगितलं होतं, ते म्हणाले. पाना धरायचा पगार मिळतो, तेवढंच करा, असं उत्तर मिळालं.

"मग?"

"मग काय. माफी लिहून दिली."

आई भांडी आवरायची थांबली. भिंगरीने बाबांच्या खिशातली पेन्सिल काढली, वहीचं पान फाडलं आणि टेबलाशी बसली.

"आई, बाबा, सोमवारी कागद जाईल, पण त्यात माफी नसेल. चित्र असेल. आरसा आणि चकती एकाच पट्टीवर, हलतील तर सोबत, आणि खाली फक्त माझी सही. नाव खोडायचं तर खुशाल खोडू देत."