ओळखीचं घर

वर्गात सगळे तिला अक्का म्हणत. बाकीचे तेवीस-चोवीसचे आणि ही एकोणचाळीसची, तेव्हा दुसरं काय म्हणणार? पंधरा वर्षं एका दवाखान्यात नावनोंदणीच्या खिडकीमागे काढून, चांगली चालती नोकरी सोडून ती सामाजिक संशोधनपद्धतीच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला येऊन बसली होती. ओळखीपाळखीचे म्हणाले, हिचं डोकं फिरलंय. अक्काचं म्हणणं एवढंच, की लाखभर माणसांना आपण नाव-गाव-वय विचारलं, आता विचारायचं कसं ते तरी एकदा नीट शिकून घ्यावं.

शिकवणाऱ्या बाईंना मुलं पाठीमागे फुटपट्टी म्हणत. "प्रश्न छापलाय तस्साच वाचायचा," बाई सांगत. "उत्तर ऐकून भुवई उचलायची नाही. 'अरे वा' नाही, 'अरेरे' नाही. उत्तर अपुरं वाटलं तर 'आणखी काही?' एवढंच विचारायचं आणि तोंड मिटून बसायचं." मुलांनी हे आधी एकमेकांवर करून पाहिलं. कॅन्टीनमध्ये कुणी आपलं प्रेमप्रकरण फिसकटल्याची कहाणी सांगायला लागलं, की सगळं टेबल गंभीर चेहऱ्याने विचारी, "आणखी काही?"

दुसऱ्या सहामाहीत प्रत्यक्ष पाहणी आली. विषय होता, अडीअडचणीला माणसाला कुणाचा आधार असतो. शहराच्या एका भागातल्या सगळ्या घरांची यादी घेऊन संगणकाने त्यातून तीनशे घरं आंधळेपणाने उचलली होती. वीस विद्यार्थी, प्रत्येकाला पंधरा घरं, आणि त्यातली बारा पुरी झाली नाहीत तर कोर्स पुढच्या वर्षी पुन्हा. घराला कुलूप दिसलं म्हणून शेजारच्या घरात घुसायचं नाही. तीन फेऱ्या मारायच्या. आणि ओळखीचं घर निघालं तर पहिल्याच दिवशी परत द्यायचं, तिथे दुसरं कुणी जाईल. बाईंनी हे दोनदा सांगितलं आणि फळ्यावरही लिहिलं.

अक्काच्या यादीत नवव्या ओळीला तिच्या भावाचा पत्ता होता.

आता भावाचं सांगायला हवं. तो तिच्याहून सात वर्षांनी धाकटा. आई गेली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता आणि ही सोळाची. पुढचं सगळं हिनेच केलं. त्याला लहानपणी फिट्स यायच्या. अकराव्या वर्षी थांबल्या त्या थांबल्याच. पंचविसाव्या वर्षी त्याने स्वतःच एक मुलगी पसंत केली आणि लग्नाचं बोलणं सुरू झालं. एक दिवस त्या मुलीचे वडील दवाखान्यात अक्काच्या खिडकीशी येऊन उभे राहिले. मुलाला कधी काही आजार वगैरे? अक्काने सांगितलं, लहानपणी फिट्स येत, आता चौदा वर्षं काही नाही. आठ दिवसांत लग्न मोडलं. त्यानंतरच्या आठवड्यात भावाने बॅग भरली आणि घर सोडलं.

त्या गोष्टीला सात वर्षं झाली होती. मधल्या काळात त्याचं दुसऱ्या मुलीशी लग्न झालं, ते अक्काला मावशीकडून कळलं. पत्ताही मावशीनेच दिला. "विचारलं म्हणून खरं सांगितलं. काय, खोटं बोलायला हवं होतं?" हे अक्काने इतक्यांदा म्हटलं होतं, की मावशीचे कान किटले होते. पत्ता मिळाल्यावर अक्का दोनदा त्या गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन परत फिरली होती. दारात उभं राहून म्हणायचं काय? त्याला आपण बहीण वाटतो की नाही हेच जिथे माहीत नाही, तिथे पहिलं वाक्य सुचायचं कसं?

यादी हातात पडली तेव्हा तिने मुकाट्याने घर परत द्यायला हवं होतं. ती मूग गिळून गप्प बसली. नियम तिला पाठ होता, आणि मोडतोय हेही तिला कळत होतं. पण सात वर्षांत पहिल्यांदा तिच्याकडे त्या दारावर जायला कारण होतं आणि तोंडात घालायला छापील वाक्यं होती.

रविवारी सकाळी कुलूप होतं. मंगळवारी दुपारी दार उघडलं ते भावजयीने. गोल चेहऱ्याची, ओल्या हातांची मुलगी. अक्काने नमस्कार केला आणि ओळखपत्र पुढे धरलं. भावजयीने त्यावरचं आडनाव वाचलं, एकवार अक्काकडे पाहिलं आणि म्हणाली, "बसा ना, ताई."

घरात प्रौढ माणसं दोन. नियमाप्रमाणे ज्याचा वाढदिवस आधी येणार, त्याची मुलाखत घ्यायची.

"माझा गेल्या महिन्यात झाला," भावजय म्हणाली. "ह्यांचा—"

अक्काने तारीख लिहूनही टाकली होती. भावजय तिच्या पेन्सिलीकडे बघत राहिली. मग तिने पाण्याचा ग्लास आणून ठेवला. "गुरुवारी सातला या. मी सांगून ठेवते त्यांना," ती म्हणाली.

गुरुवारी दार त्याने उघडलं. अंगाने भरला होता, चष्मा लागला होता. बायकोने सांगितलं असणारच, कारण तो दचकला नाही. अक्कालाच सात वर्षं मनात घोळवलेल्या वाक्यांपैकी एकही जागेवर सापडेना, म्हणून तिने कागद वर धरून वाचायला सुरुवात केली.

"नमस्कार. मी सामाजिक संशोधन विभागातून आले आहे. आपण दिलेली माहिती गोपनीय ठेवली जाईल. आपण कोणत्याही प्रश्नाचं उत्तर नाकारू शकता."

"या," तो म्हणाला. "विचारा काय विचारायचं ते."

ते टेबलाशी समोरासमोर बसले. भावजय आतल्या खोलीत गेली, पण दार तिने पुरतं लावलं नाही. शिक्षण, काम, घरात किती वर्षं राहता, शेजाऱ्यांकडे जाणं-येणं. अक्का वाचत गेली, तो सांगत गेला. कुणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, फुटपट्टीची सगळ्यात गुणी विद्यार्थिनी.

"प्रश्न सात. आपल्याला सख्खी भावंडं किती? हयात असलेलीच सांगावीत."

अक्काने पेन्सिल चौकटीवर टेकवून ठेवली आणि वर बघितलं नाही. तिला वाटलं, तो शून्य म्हणणार. म्हणाला तर आपण शून्य लिहायचं, पुढचे प्रश्न वाचायचे, आभार मानायचे आणि जिना उतरायचा. पुन्हा म्हणून या गल्लीकडे फिरकायचं नाही.

"एक," तो म्हणाला.

तिच्या हातून एक इतका वेडावाकडा आला, की खोडून, नियमाप्रमाणे बाजूला सही करून, पुन्हा लिहावा लागला.

"प्रश्न आठ. गेल्या बारा महिन्यांत त्यांच्यापैकी किती जणांशी आपलं बोलणं झालं?"

"शून्य."

"प्रश्न नऊ. बोलणं न होण्याचं कारण आपल्या शब्दांत सांगा." या प्रश्नाखाली लिहायला चार ओळी सोडल्या होत्या.

तो तिला लिहिता येईल अशा बेताने, सावकाश बोलू लागला. "बहिणीने माझं लग्न मोडलं म्हणून मी बोलत नाही, असं सगळे समजतात. तसं नाही. त्या मुलीला मी फिट्सचं आधीच सांगितलं होतं. तिच्या वडिलांना आम्ही दोघं मिळून त्या रविवारी सांगणार होतो. हे बहिणीला माहीत नव्हतं, ठीक आहे. पण ते खिडकीवर येऊन गेले त्या संध्याकाळी ती घरी आली, मला जेवायला वाढलं, शेजारी बसून जेवली आणि त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. मला चार दिवसांनी परक्या माणसाकडून कळलं. तिने त्यांना उत्तर दिलं. मला तिने कधी काही विचारलं नाही, आजपर्यंत नाही."

"आणखी काही?"

"नाही."

असं मोकळं उत्तर लिहून घेतल्यावर ते मोठ्याने वाचून दाखवायचं आणि बरोबर आहे का विचारायचं, असा नियम. अक्काने वाचलं. "बहिणीने माझं लग्न मोडलं म्हणून..." आवाज जागेवर ठेवून ती 'परक्या माणसाकडून कळलं' इथपर्यंत आली आणि थांबली.

"शेवटची दोन वाक्यं राहिली," तो म्हणाला.

तिने कागदाकडे पाहिलं. खरंच नव्हती. आपण सगळं लिहिलं अशी तिची शंभर टक्के खात्री होती. पंधरा वर्षांत खिडकीवर कुणाच्या नावातलं एक अक्षर तिने गाळलं नव्हतं.

"पुन्हा सांगा," ती म्हणाली. त्याने सांगितलं. ओळी भरल्या होत्या, म्हणून तिने समासात लिहिलं आणि वाचून दाखवलं. "तिने त्यांना उत्तर दिलं. मला तिने कधी काही विचारलं नाही, आजपर्यंत नाही. बरोबर?"

"बरोबर."

प्रश्न दहा रोजच्या औषधांबद्दल होता. अक्काने तो वाचला नाही. तिने पेन्सिल खाली ठेवली, कागद उलटा केला आणि जे कुठे छापलेलं नव्हतं ते विचारलं.

"फार त्रास झाला का रे तुला?"

"आत्ता विचारतेस होय?" तो म्हणाला.

"हो. आत्ता विचारतेय."

मग त्याने सांगितलं. त्या वर्षी तो कुठे राहिला, कामावर जाणं कसं बंद झालं, एका सकाळी रस्त्यात हात थरथरायला लागला आणि फिट परत आली की काय या धास्तीने तो फुटपाथवर कसा बसून राहिला, कुणाला फोन करावा ते सुचेना म्हणून. आपण खरं बोललो याचा एवढा दिमाख मिरवला, आणि जेवताना समोर बसलेल्या माणसाला एक वाक्य सांगायची आपली छाती झाली नव्हती, हे तिला पहिल्यांदा स्वच्छ दिसलं. तिला स्वतःची लाज वाटली. "चुकलं माझं," एवढंच ती म्हणाली.

त्याने चष्मा पुसला, घातला आणि पुन्हा अहो-जाहोवर आला. "राहिलेले प्रश्न वाचा. आम्हाला बाहेर जायचंय." तिने वाचले, त्याने उत्तरं दिली. दारापर्यंत तो आला, पण पुन्हा ये म्हणाला नाही, की येऊ नको म्हणाला नाही.

फॉर्मचा शेवटचा प्रश्न मुलाखत घेणाऱ्यासाठी असतो आणि तो बाहेर आल्यावर भरायचा. उत्तर देणारी व्यक्ती आपल्या ओळखीची आहे का? हो म्हटलं की फॉर्म बाद. तीन घरांनी अक्काच्या तोंडावर दार लावलं होतं आणि हा तिचा बारावा फॉर्म होता. जिन्यात उभं राहून तिने 'हो'वर खूण केली.

"पहिल्या दिवशी सांगायला काय झालं होतं? तोंडात मिठाची गुळणी धरली होती?" फुटपट्टीने विचारलं. तिने समासातली दोन वाक्यं वाचली, खोडलेल्या एकाशेजारची सही पाहिली आणि फॉर्मवर तांबड्या शाईने 'रद्द' लिहिलं. "तुमचे अकरा. पुढच्या वर्षी पुन्हा यावं लागेल. या घरी मी दुसऱ्या कुणालातरी पाठवते."

"चालेल," अक्का म्हणाली. अकरा झाले याचं तिला काहीच वाटत नव्हतं. जिना उतरल्यापासून तिच्या डोक्यात एकच होतं, ते बोलणं होतं की नुसती मुलाखत. फोन करून विचारायची तिला हिंमत होत नव्हती. नाही म्हणाला तर?

पुढच्या सोमवारी शंकांचा तास होता. प्रत्येकाने आपले अडलेले फॉर्म घेऊन यायचं, घर कुठलं ते न सांगता अडचण मांडायची आणि बाईंनी निकाल द्यायचा. प्रश्नावली घडाघडा म्हणायचा म्हणून ज्याला पोपट म्हणत, तो मुलगा उभा राहिला.

"बाई, काल एका घरी गेलो होतो, बदली मुलाखतीला. आठव्या प्रश्नावर ते म्हणाले, पाहणीच्या निमित्ताने भावंड घरी आलं आणि बोलणं झालं, तर ते धरायचं का? मला सांगता येईना. चौकट रिकामी ठेवलीय."

अक्का मागच्या बाकावर होती. तिने वहीवर हात दाबून धरले.

बाईंनी नियमपुस्तिका उघडली. "बोलणं म्हणजे प्रत्यक्ष किंवा फोनवर, किमान पाच मिनिटं. किती वेळ झालं म्हणाले?"

"तेच तर, बाई. घड्याळाकडे बघून हिशेब करत होते. म्हणाले, फॉर्ममधले प्रश्न सोडून द्या, ते सरकारी काम. पण मधली वीस मिनिटं धरता येत असतील तर बघा. निघताना पुन्हा म्हणाले, तुमच्या बाईंना जरूर विचारा."

बाईंनी मागच्या बाकाकडे नजर टाकली नाही. "माणूस स्वतः धरा म्हणतोय, तर न धरणारे आपण कोण? एक लिहा."

"आणि नववा, बाई? 'बोलणं न होण्याचं कारण', तो?"

"आठव्यात एक आला, तर नववा प्रश्न त्याला लागूच होत नाही. त्यावर रेघ मारा."

अक्का डोळ्यांना रुमाल लावून रडत होती आणि शेजारचे दोघं काय झालं म्हणून बघत होते. पोपटाने चौकटीत एक लिहिला, खिशातून पट्टी काढली आणि नवव्या प्रश्नाखालच्या चार कोऱ्या ओळींवर सरळ रेघ मारली.