एकाच चौकटीत दोघी

रामसिंगच्या अंगणात अख्खा तांडा लोटला होता. भूतबाधा उतरवणारे गोविंदामहाराज हात उंचावून एक फोटो दाखवत होते. फोटोत रामसिंगची बायको सुखीबाई उभी होती आणि तिच्या खांद्यावर धुरकट, पण ओळखू येईल असा चेहरा होता तिच्या सासूचा. मानीबाई तापानं जाऊन पंधरा दिवस झाले होते.

"मानसाचा डोया फसते, कॅमेऱ्याचा नाही!" महाराज गरजले. "सुनेनं सासूले खाल्लं. म्हातारी खांद्यावरून उतरून नाही राह्यली. अमावास्येले तापल्या विळ्याचा डाग द्या, मंग पाहा!"

लोकांनी हात जोडले. रामसिंगनं बायकोला कडब्याच्या खोलीत कोंडलं.

गर्दीच्या मागून शाळेचे धर्मपाल गुरुजी पुढे सरकले. तो फोटो त्यांनीच काढला होता. जुना कॅमेरा घेऊन जेमतेम दोन महिने झाले होते. त्यावरचे आकडे त्यांना अजून उमगत नव्हते, पण तांड्यात मात्र ‘मले सारं येते’ असं सांगून बसले होते.

"हे खोटं आहे," ते म्हणाले.

"मंग खरं काय ते सांगा नं, गुरुजी," महाराज हसले. "देव सोडून बसलेल्याले काय दिसनार?"

गुरुजी शाळेकडे वळले.

शाळा कडब्याच्या खोलीला लागूनच होती. दुसऱ्या दिवशी पाढे चालू असताना भिंतीपलीकडून आवाज आला, "गुरुजी, पानी." त्यांनी झरोक्यातून लोटा दिला. सुखीबाईनं तो घेतला, पण प्यायली नाही.

"गुरुजी, माह्या अंगात खरंच सासू हाय काय?"

ती स्वतःच विश्वास ठेवू लागली होती. गुरुजींनी पोरांना सुट्टी दिली, रामसिंगकडून तो फोटो मागून घेतला आणि यवतमाळची एसटी धरली.

फोटोवाले बाबाराव फोटो पाहून खो खो हसले. "गुरुजी, एक फोटो काढल्यावर रीळ फिरवलं होतं काय?"

"नाही फिरवलं," गुरुजी म्हणाले. मानीबाईचा फोटो त्यांनी दाराआडच्या सावलीत काढला होता आणि लगेच सुनेला अंगणात उभं केलं होतं.

"म्हंजे एकाच जागी दोनदा उजेड पडला. सावलीतल्या म्हातारीच्या वाट्याले कमी आला, म्हनून ती धुरकट." मग बाबारावांनी त्यांना भिंगामागचं भोक लहानमोठं करायला शिकवलं, पडदा किती वेळ उघडा ठेवायचा तेही शिकवलं. "आता मुद्दाम चुका. दोन्ही खेपेले उजेड निम्माच द्या."

अमावास्येला चार दिवस उरले होते. तांड्यात परतून गुरुजींनी सगळ्यांसमोर आधीच सांगून टाकलं, "महाराजांच्या छातीतून बैल निघेल." महाराजांनी ऐटीत बैठक मारली. फोटो काढून गुरुजींनी रीळ न फिरवता कॅमेरा रामसिंगच्या बैलाकडे वळवला. मग कॅमेरा तसाच रामसिंगच्या हाती दिला. "फोटो धुवाले तूच यवतमाळले घेऊन जा. मी हात लावत नाही."

तिसऱ्या दिवशी रामसिंग परतला. फोटोत महाराजांच्या छातीवर बैलाचं तोंड होतं आणि दाढीतून शिंगं निघाली होती.

"महाराज, बैल तर गोठ्यात रवंथ करून राह्यला," तांड्याचे प्रमुख, म्हातारे धावजी नाईक म्हणाले. "त्याचं भूत तुमच्यात कसं शिरलं?"

"देवाच्या कोपाची माया..." महाराज पुटपुटले. लोक हसू लागले तसे त्यांनी झोळी उचलली.

गुरुजींनी हात जोडले. "चूक माही होती. त्या खेपेलेबी रीळ फिरवलं नव्हतं. मले येत नव्हतं, अन् मी येते म्हनलो."

रामसिंगनं कडी काढली. सुखीबाई उंबऱ्यावर आली, पण बाहेर पाऊल टाकेना. डोळ्यांवर हात धरून तिनं सगळ्यांकडे पाहिलं.

"चूक गुरुजीची, ढोंग महाराजाचं. मंग कोंडलं मले काहून?"

रामसिंगची मान खाली गेली.

न कळणाऱ्या गोष्टी जगात पुष्कळ आहेत. त्या कळत नाहीत असं म्हणायला लाज कसली? लाज वाटायला हवी ती कारण न शोधता एका जित्या बाईवर कडी घालण्याची.