गुरप्पांच्या हातचं हाड

मित्रांनो, मी एक जुना कुत्रा आहे. खरं तर म्हातारा म्हणायला हवं. पण गौरम्मा पाहुण्यांना माझी ओळख अशीच करून देते, "हा आमचा जुना करिया." करिया म्हणजे कानडीत काळा. माझा रंग तसा होता. आता तोंडाभोवती पांढरं झालं आहे आणि उजव्या कानाला काही ऐकू येत नाही.

माझा जन्म सोलापुरात, एका टॉवेलच्या कारखान्यात झाला. सुताच्या गाठोड्यांमागे आईने आम्हा चौघांना ठेवलं होतं. गुरप्पा त्या कारखान्यात मागावर काम करायचे. एके दिवशी त्यांनी मला एका डागाळलेल्या टॉवेलात गुंडाळलं आणि सायकलच्या पिशवीतून घरी आणलं. गौरम्माने पिशवीत डोकावून पाहिलं आणि ती म्हणाली, "अय्यो, भाजी आनायला सांगितली हुती की तुमाला!" पण तिने लगेच दूध गरम केलं.

गुरप्पांच्या घराला लागूनच नबीलाल आणि लालबी यांचं घर आहे. दोन्ही घरांच्या मागच्या अंगणांमध्ये एकच भिंत, तीही छातीएवढी. नबीलालचं चौकात मटणाचं दुकान आहे. गुरप्पांच्या घरात मांसमच्छी चालत नाही, अंडंही नाही. तरी गेली वीस वर्षं या भिंतीवरून ताकाचं पातेलं, कढीपत्ता, औषधाच्या गोळ्या आणि भांडणाच्या बातम्या इकडून तिकडे जात आल्या आहेत. लालबी गौरम्माला गौरक्का म्हणते.

मला घरी दूध-भाकरी मिळायची. शुक्रवारी मात्र मी नबीलालच्या दुकानाच्या उंबऱ्यापाशी जाऊन बसायचो. तो माझ्या तोंडापेक्षा मोठं, कच्चं, थोडं मांस असलेलं हाड द्यायचा आणि स्वतः समोर स्टूल टाकून बसायचा. मी वरचं मांस आणि कुरकुरीत कूर्चा खरवडून घेतली की तो हाड काढून घ्यायचा. मी गुरगुरायचो. तो हसायचा. "गुरगुर बेटा, गुरगुर. पण गिळायला न्हाय देनार." रश्शातलं शिजलेलं हाड तर त्याने मला कधीच दिलं नाही.

माझी कामाची वर्षं चांगली गेली. मी राखण केली. मांजरांना हाकललं, त्यातली काही माझ्याहून मोठी होती. एकदा गौरम्मा न्हाणीघरात घसरून पडली. गुरप्पा कारखान्यात होते. मी भिंतीवर पुढचे पाय टेकून एवढा ओरडलो, की लालबी पिठाच्या हातांनीच धावत आली. तिने गौरम्माला उचललं, दवाखान्यात नेलं आणि पुढे दीड महिना दोन्ही घरांचा स्वयंपाक केला, आमच्या घरचा वेगळ्या भांड्यांत. त्या दिवसांत गल्लीतला प्रत्येक जण माझ्या डोक्यावरून हात फिरवून जायचा. तेवढं कौतुक मला पुन्हा कधी मिळालं नाही.

मग मी जुना होऊ लागलो. गेल्या वर्षी एका शुक्रवारी दुकानात गर्दी होती आणि नबीलालने घाईत जाड, टणक असं नळीचं हाड माझ्यापुढे टाकलं. मी जोरात चावलो आणि माझी मागची दाढ फुटली. तीन दिवस मी काही खाल्लं नाही. नबीलालने कान पकडले. "माज्या हातनं झालं हे. आता याला हाड बंद." तेव्हापासून शुक्रवार माझ्यासाठी इतर दिवसांसारखाच झाला.

मित्रांनो, कुत्र्याला चावायला काहीतरी लागतं. दात नुसते खाण्यासाठी नसतात. चावलं की आमचं मन शांत होतं. मला काहीच मिळेना, म्हणून मी गुरप्पांची चप्पल चावली. मग दाराची चौकट. मग नुसताच पडून राहू लागलो. पुण्याला राहणाऱ्या अक्षताने, म्हणजे गुरप्पांच्या मुलीने, माझ्यासाठी दुकानात मिळणारं, कुत्र्यांनी चघळायचं हाड पाठवलं. गुरप्पांनी ते उलटसुलट करून पाहिलं, वास घेतला आणि फोनवर विचारलं, "चामड्याचं हाय का हे?" तिकडून हो म्हणताच, जनावराच्या कातड्याची वस्तू खायला म्हणून घरात नको, असं म्हणत त्यांनी ते परत खोक्यात घातलं. पण मी त्या खोक्यापाशी जाऊन बसलो, हे त्यांनी पाहिलं. त्यांना वाईट वाटलं. ते माझ्याकडे बघत राहिले.

एका शनिवारी संध्याकाळी गुरप्पा कारखान्यातल्या जुन्या सोबत्याच्या निरोपाच्या जेवणाला गेले. जेवण विजापूर रोडवरच्या एका ढाब्यावर होतं. ते परत आले तेव्हा गौरम्मा पुढच्या खोलीत टीव्ही बघत होती. गुरप्पा बोळातून थेट मागच्या अंगणात आले. त्यांच्या हातात कागदाचा पुडा होता आणि त्यांनी तो अंगापासून लांब धरला होता. ज्या माणसाने सत्तर वर्षांत मांसाला बोट लावलं नव्हतं, त्याने लोकांच्या ताटातली कोंबडीची हाडं माझ्यासाठी गोळा करून आणली होती.

"खा, करिया," ते हळूच म्हणाले. "लई दिवस झाले न्हवं तुला? खा. कुनाला सांगू नको बग."

मी हुंगलंसुद्धा नाही. शिजून ठिसूळ झालेली ती हाडं माझ्या उरल्यासुरल्या दातांखाली काडकाड मोडली आणि मी ती गिळत गेलो. माझी शेपटी थांबत नव्हती. गुरप्पांनी नळाखाली तीनदा साबण लावून हात धुतले. मग ते पायरीवर बसून माझ्याकडे पाहत राहिले. एवढे खूश ते निवृत्त झाल्यापासून दिसले नव्हते.

रविवारी सकाळी माझ्या पोटात कोणी सुया फिरवतंय असं वाटलं. मी पाठ वाकवून उभा राहिलो. बसता येईना. मी ओकलो; त्यात फेस होता, रक्ताची रेघ होती आणि हाडाचा एक टोकदार तुकडा. गौरम्माने तो पाहिला आणि ती सरळ भिंतीपाशी गेली.

"लालबी! ए लालबी! बाहेर ये!"

लालबी पदराला हात पुसत आली. "क्या हुआ, गौरक्का?"

"हे काय हाय बग! नबीभाईनं बंद केलं म्हनून सांगितलं आनि तू गुपचूप हाडं घालतीस व्हय माज्या कुत्र्याला?"

"अल्ला! वर्ष झालं गौरक्का, मी एक हाड दिलं न्हाय त्याला."

"मग आमच्या घरात उगवलं का हे? आमच्या घरात! तुमी लोकं..." गौरम्मा एवढं बोलली आणि थांबली. पण ते दोन शब्द भिंत ओलांडून गेले होते. लालबीचा चेहरा एकदम विझला. वीस वर्षांत गौरम्माच्या तोंडून तिने असं कधी ऐकलं नव्हतं.

गुरप्पा दारात उभे होते. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी जमिनीकडे पाहिलं. मला सगळं ठाऊक होतं, मित्रांनो. पण मला भुंकण्यापलीकडे बोलता येत नाही आणि त्या सकाळी भुंकताही येत नव्हतं.

लालबीने आत जाऊन नबीलालला फोन केला. रविवार म्हणजे मटणाच्या दुकानाचा सगळ्यात मोठा दिवस. दहा-बारा गिऱ्हाइकं उभी होती. नबीलाल त्यांना तसंच सोडून टेम्पो घेऊन आला, त्याने मला उचललं आणि गुरप्पांच्या मांडीवर ठेवलं. गौरम्मा घरीच थांबली.

वाटेत नबीलालने विचारलं, "अण्णा, यानं काय खाल्लं? डॉक्टर पैलं तेच इचारतील."

"म्हाईत न्हाय," गुरप्पा म्हणाले.

जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टर यास्मीन होत्या. त्यांनी माझं पोट हळूच दाबलं. मी विव्हळलो. त्यांनी एक्स-रे काढला, उजेडासमोर धरला आणि विचारलं, "हाड कच्चं होतं की शिजलेलं? कशाचं होतं? कधी खाल्लं?"

गुरप्पांनी नबीलालकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे.

"काका, मला हे कळायला हवं. काही हाडं आपोआप पुढे सरकतात, तेव्हा वाट बघता येते. पण शिजलेलं कोंबडीचं हाड काचेसारखं फुटतं. तसं असेल तर मी वाट बघणार नाही. आत्ताच पोट उघडावं लागेल. याचं वय झालंय. उगाच भूल द्यायची नाही मला."

गुरप्पांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मग ते म्हणाले, "शिजलेलं. कोंबडीचं. काल राती नऊ वाजता. ढाब्यावरनं मीच आनलं. माज्या हातानं घातलं."

नबीलालने त्यांच्याकडे वळून पाहिलं. पण तो एवढंच म्हणाला, "डॉक्टर, करा सुरू."

त्यानंतरचं मला आठवत नाही. जाग आली तेव्हा मी पिंजऱ्यात होतो, पोटाला टाके होते आणि तोंड कोरडं पडलं होतं. जठरात आडवा अडकलेला एक तुकडा आणि बारीक सुयांसारखे चार तुकडे डॉक्टरांनी काढले होते. आणखी उशीर झाला असता तर आतडं फाटलं असतं, असं त्या मदतनिसाला सांगत होत्या.

दुसऱ्या दिवशी गुरप्पा आणि गौरम्मा मला भेटायला आले. बाकावर बसले. थोड्या वेळाने नबीलाल आणि लालबीही आले. लालबीने डब्यात तांदळाची पातळ पेज आणली होती, मीठ न घालता; नबीलालने डॉक्टरांना विचारून तिला तसं सांगितलं होतं. गौरम्माने मान फिरवली. नबीलालने गुरप्पांचं गुपित कोणाला सांगितलं नव्हतं, स्वतःच्या बायकोलाही नाही. ते त्यांनीच सांगायचं होतं.

गुरप्पा उठून उभे राहिले.

"भाभी," ते लालबीला म्हणाले, "ते हाड मी आनलं. तुमच्यावर आळ आला तवा मी तितंच हुतो. माजी जीभच हालली न्हाय. आपन मांस हातात धरलं हे घरात कळंल, याची लाज वाटली. तुमाला किती लागलं असंल ते बगितलं, तरी गप बसलो. कुत्र्याच्या पोटातलं डॉक्टरीनबाईंनी काढलं. माज्या पोटातलं मलाच काढाया पायजे."

गौरम्मा नवऱ्याकडे बघतच राहिली. "तुमी? तुमी हाडं आनली?"

"त्याला काय न्हाय ग मिळत. नुसता पडून ऱ्हायाचा."

गौरम्मा उठली आणि लालबीपुढे जाऊन उभी राहिली. "लालबी, मी तुला काय बाय बोलले."

"बोललीस," लालबी म्हणाली. "हाडाचं सोड गं. 'तुमी लोकं' म्हनलीस. कालपासनं घास उतरला न्हाय माज्या गळ्याखाली."

"चुकलं माजं. लई चुकलं."

लालबी लगेच हसली नाही. तिने डबा गौरम्माच्या हातात दिला. "धर. तूच पाज त्याला. तुज्या हातनं पितो तो." मग ती बाकावर सरकून बसली आणि तिने आपल्या शेजारी जागा केली. गौरम्मा मला पेज पाजून आली आणि तिथे बसली. गेल्या तेव्हा दोघी एकाच रिक्षातून गेल्या.

मला घरी सोडताना डॉक्टर यास्मीन यांनी चौघांनाही समोर बसवलं. त्या म्हणाल्या, "शिजवलेलं हाड कुठलंही द्यायचं नाही. कोंबडीचं नाही, मटणाचं नाही, माशाचा काटा नाही. टणक नळीचं हाड दात फोडतं. चामड्याच्या हाडाचा मोठा तुकडा गिळला तर तो पोटात फुगून अडकतो. विकत काही आणाल तर आधी अंगठ्याचं नख रुतवून बघा. नख रुतत नसेल तर ते दातांसाठी फार कडक आहे. तोंडात मावेल एवढं लहान काही देऊ नका. आणि चावत असताना माणूस समोर पाहिजे."

"नबीभाई बसायचा तसं," गुरप्पा म्हणाले. नबीलालने मान खाली घातली. त्याला फुटलेली दाढ आठवली असावी.

"मग या म्हाताऱ्यानं चावायचं काय?" लालबीने विचारलं.

"कुत्र्यांसाठी मिळणारं मऊ रबराचं खेळणं आणा, मध्ये पोकळ असतं ते. त्यात भाकरी-दही भरा. कधी गाजर द्या, त्याच्या दातांना झेपेल असं थोडं वाफवून."

आता माझे दिवस असे जातात. मंडईत गेली की गौरम्मा गाजर आणते. रबराचं लाल खेळणं गुरप्पा रोज संध्याकाळी भरतात आणि मी ते रिकामं करेपर्यंत पायरीवरून उठत नाहीत. गेल्या ईदला लालबीकडे मोठी पंगत झाली. जेवणं उरकल्यावर तिने प्रत्येक ताटातलं हाड वेचलं, पिशवीला दोन गाठी मारल्या आणि घंटागाडी येईपर्यंत ती पिशवी उंच खुंटीला टांगून ठेवली. गल्लीतली कुत्रीही कोणाची तरी असतात, असं ती म्हणाली.

मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखं कोणी असेल. त्याच्या डोळ्यांकडे बघून ताटातलं हाड त्याला द्यावंसं वाटेल. त्या वेळी हात जरा थांबवा. आणि चुकून काही पोटात गेलंच, तर डॉक्टरांना पहिल्या प्रश्नालाच खरं सांगा. लाजेपायी गेलेला वेळ आमच्या जिवावर बेततो. आम्ही रस्त्यावरचं अन्न हुंगून खातो. अनोळखी माणसाने दिलेलंही हुंगतो. तुम्ही दिलेलं मात्र आम्ही न हुंगता गिळतो.