एल्मफर्डची पाच नंबर

मी एक लाल जर्सी आहे. पाठीवर पाच नंबर आहे. सोनगीरला, नवलच्या उशाशी, गाठ मारलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीतून बोलतेय. ऐकणारं कोणी नाही, तरी बोलते.

माझा जन्म इंग्लंडमधल्या एल्मफर्ड गावातल्या फुटबॉल क्लबासाठी झाला. छातीवर क्लबाचं नाव आणि एक कोल्हा शिवलाय. मला एक पोस्टमन घालायचा. आठवडाभर पत्रं वाटायचा आणि शनिवारी गोल वाचवायला धावायचा. आमचा क्लब फारसा जिंकला नाही. पण भर पावसात उभं राहून ओरडणारी माणसं होती. पुढे तरुण गाव सोडून गेले आणि मैदान घरं बांधायला विकलं गेलं. शेवटच्या सामन्यानंतर म्हाताऱ्या माणसांनी मूठभर गवत उपटून खिशात घातलं आणि ती गुपचूप निघून गेली. क्लब संपला. मी जुन्या कपड्यांच्या गठ्ठ्यात गेले.

तो गठ्ठा फिरत फिरत जळगावला आला. तिथे हातगाडीवरून ललितने मला उचललं. तो पाइपच्या कारखान्यात कामाला होता. सुट्टीत घरी, सोनगीरला आला की किल्ल्याखालच्या मैदानात पोरांना जमवून फुटबॉल खेळायचा. माझ्यावरचं नाव वाचून त्याने आपल्या टीमलाही तेच नाव दिलं. सोनगीरचा एल्मफर्ड क्लब!

एकदा गोलकीपर किरणने मोबाइलमध्ये ते नाव शोधलं, तर तो क्लब केव्हाच संपलेला. तो खिदळायला लागला.

"भाऊ, हाऊ क्लब तं कव्हयना बंद पडेल शे! मरेल क्लबनं नाव लिधं, म्हनीसन आपू हारतस!"

"तठे बंद पडना ना?" ललित म्हणाला. "पडू दे. आठे चालू शे!"

त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, मी नुसती मागे उरलेली नाही, मी अजून आहे.

मग धुळ्याहून परत येताना हायवेवर ललितच्या मोटरसायकलला ट्रकने उडवलं. मी तेव्हा घरी खुंटीवर होते, आदल्या दिवशीच्या सामन्याच्या घामाने आंबलेली.

त्याचे कपडे द्यायला काढले, तेव्हा धाकट्या नवलने मला पळवलं आणि उशीच्या अभ्र्यात कोंबलं. रोज तो त्या उशीत तोंड खुपसून पडायचा. माझ्यात त्याचा भाऊ होता. दारावर भेटायला आलेली माणसं म्हणायची, "पोरगं रडतही नाही." तो रडायचा. मी ओली व्हायचे.

दहाव्याला पुरुष मंडळी नदीवर गेली. नवलही डोकं भादरायला गेला. तो एक गोष्ट विसरला. दहाव्याला घरातलं झाडून सगळं धुतात, अंथरूण-पांघरूण, उशांचे अभ्रेसुद्धा. काकूने अभ्रा ओढला, मी खाली पडले आणि बादलीत गेले. थांबा म्हणायला मला तोंड नव्हतं. ती बिचारी जोर लावून घासत होती. पाणी काळं होऊन गेलं.

नवल आला तेव्हा मी दोरीवर टपकत होते. त्याने मला ओढलं, नाकाशी धरलं. पुन्हा धरलं. मग बादलीला लाथ घातली.

"कोनी धोयं हाई? कोनी?"

त्याची आई प्रमिलाबाई दारात आली. "सुतक फिटनं भाऊ. बठ्ठं धोवनं पडस." आणि त्याच्या तुळतुळीत डोक्यावर हात ठेवून तीच मटकन खाली बसली.

तेव्हापासून मी पिशवीत आहे. नवल रोज गाठ सोडतो, वास घेतो आणि काही उडून जाऊ नये म्हणून घाईघाईने पुन्हा घट्ट बांधतो. आत नुसता साबण आहे रे, नवल. काल किरण दाराशी येऊन हाका मारून गेला, "नवल, चाल ना! एक गडी कमी शे." तू भिंतीकडे तोंड केलंस.

एल्मफर्डच्या म्हाताऱ्यांचं गवतही खिशातच वाळलं असेल. मला बाहेर काढ. अंगात घाल. ढगळ होईन, होऊ दे. तुम्ही दोघं एका आईचे. धाव, घामाघूम हो आणि मग मला नाकाशी धरून बघ.